माळकरणीच्या हातचं जेवण

थेरगावच्या मालोजीला भाजी आवडते का, असं कुणी कधी विचारलं नाही ते बरंच झालं. पवनेच्या काठाला त्याचा तीन एकरांचा मळा. फ्लॉवर, वांगी, पावटा, चाकवत सगळं पिकवायचं आणि पहाटे गाडी जुंपून पुण्याच्या मंडईत टाकायचं, हा त्याचा धंदा. पण स्वतःच्या मळ्यातला फ्लॉवर त्याने चाळिशी ओलांडेपर्यंत तोंडात घातला नव्हता. भाजी ही पुण्याच्या लोकांनी, आजाऱ्यांनी आणि म्हशीने खायची असते, असं त्याचं ठाम मत होतं. घरात आठवडाभर पिठलं, सुकट आणि ठेचा, आणि रविवारी मटण.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नवा नवा सुरू झाला, त्या सालची कार्तिकातली एकादशी. आळंदीत उपासाच्या रताळ्यांना गिऱ्हाईक भरपूर, म्हणून मालोजीने बायकोला, सोजराबाईला, दोन पाट्या रताळी देऊन तिकडे धाडलं. रताळी खपली आणि सोजराबाई गळ्यात तुळशीची माळ घालून परत आली. हे मालोजीच्या ध्यानात यायला चार दिवस लागले. लग्नाला बावीस वर्षं झालेली. बायकोच्या गळ्यात काय आहे हे रोज बघण्याची रीत राहिली नव्हती.

रविवारी सकाळी मटणाचा वाटा पळसाच्या पानांत घेऊन तो आला आणि सवयीने चुलीपाशी पुढे केला. सोजराबाईने हात मागे घेतले.

"ते आता माझ्या हातानं शिजायचं न्हाई," ती म्हणाली, आणि पदर सरकवून माळ दाखवली.

तिथल्या तिथे बैल कोसळला असता तरी मालोजी इतका हादरला नसता. माळकरणीने मटण खायचं तर नाहीच, रांधायचंही नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे माळ बायकोच्या गळ्यात आणि उपास आपल्या कपाळी. घरी विचारलंय का, असं माळ घालताना बुवांनी तिला विचारलं होतं म्हणे. तिने मान हलवली. ती उभी हलवली की आडवी, हे बुवांनी नीट पाहिलं नसावं.

वाटा गावातल्या चुलतभावाकडे, सयाजीकडे गेला. दिवेलागणीला मालोजीने एकदम निकालच दिला. पुढल्या एकादशीपर्यंत ती वाढेल ते तो खाईल. त्यात एक दिवस जरी आपलं पोट भरलं नाही, तर आळंदीला जाऊन माळ बुवांच्या हातात परत द्यायची. हे ऐकून सोजराबाईचा चेहरा पडला. घातलेली माळ उतरवणं म्हणजे देवाला दिलेला शब्द मोडणं. पण तिनेही आपली अट सांगितली. बायकोही अट घालू शकते, हा त्या दिवसातला दुसरा धक्का.

"मळ्यातलं मला लागंल ते मी तोडणार. हे मंडईचं, ते म्हशीचं, असं मधी आणायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिने वाफ्यातला सगळ्यांत पांढराशुभ्र, घट्ट गड्डा निवडून कापला. मालोजी बांधावर उभा राहून बघत होता. दावणीचं वासरू कुणी सोडून नेत असावं तसा त्याचा चेहरा झाला. संध्याकाळी तिने तो गड्डा, त्याची कोवळी पानं आणि मूठभर पावटे तांदळाबरोबर एकाच पातेल्यात रटरटत ठेवले आणि तोवर म्हैस पिळून आली. मालोजीला हे जेवण रांधणं वाटेचना. मटणाच्या दिवशी कशी ती दुपारभर पाट्यावर वाटण वाटायची, घामाने भिजायची. जेवण कसं कष्टाचं दिसायचं.

पोरांनी पातेलं पुसून खाल्लं. मालोजीने दोनदा भात मागून घेतला आणि स्वतःवरच चिडला.

पुढे तर रोजच असं होऊ लागलं. चाकवत आणि चुका डाळीबरोबर शिजवून, रवीने घोटून, वर लसणाची फोडणी दिलेलं गरगट. चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत. मुळ्याचा पाला, जो आजवर म्हशीचा हक्काचा होता, तो भाकरीवर आला. मालोजी रोज संध्याकाळी तक्रार करायच्या तयारीने पाटावर बसायचा आणि रोज ढेकर देऊन उठायचा. पाचव्या दिवशी त्याच्या तोंडून भरीत मागितलं गेलं, तेव्हा मात्र तो हबकला. उभ्या आयुष्याचं मत असं पाण्यात जाणार की काय?

म्हणून त्याने एक डाव रचला. पुढल्या रविवारी दुपारी सयाजीकडे गळ्यापर्यंत जेवायचं, आणि संध्याकाळी घरचं ताट पुढे सारून सांगायचं, हे घशाखाली उतरत नाही. झालं, माळ आळंदीला.

"काय दादा, म्हशीच्या वाटणीचं संपलं का?" असं म्हणत सयाजीने त्याला पाट दिला. मालोजी हावऱ्यासारखा जेवला. उठून पार वेशीपर्यंत गेल्यावर त्याला आठवलं, तंबाखूची चंची तिथेच राहिली. परत येऊन बघतो तर सयाजीची बायको शालनबाई मागल्या दाराशी बसली होती. मांडीत मटणाचं पातेलं आणि हातात भाकरीचा तुकडा. त्या तुकड्याने ती पातेल्याचा तळ पुसत होती. पातेल्यात मटण नव्हतं. रस्साही नव्हता.

"तुला वाढून न्हाई घेतलं?" मालोजीच्या तोंडून गेलं.

शालनबाईला हसू आलं. "भावजी, पुरुषमाणसं उठल्यावर भांडंच की वो राहतंय."

मालोजी चंची न घेताच निघाला. वाटेत कोण भेटलं, कोण काय बोललं, त्याला कळलं नाही. घरी सोजराबाई शेंगा सोलत बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"सोजरा, तुझ्या ताटात मटणाचा तुकडा किती येळा आला असंल गं?"

ती खरोखरच आठवू लागली. "थोरलीच्या येळच्या बाळंतपणात एकदा. आत्याबाईंनी दिलता." मग शेंगा बाजूला सारून म्हणाली, "बुवा म्हनलं, बाई, सोडायला अवघड जाईल, इचार कर. मी लई इचार केला. पर मला काय सोडायचं हाय तेच आठवंना."

बावीस वर्षं दर रविवारी आपण या बाईला मटण आणून देतो, असं मालोजी छातीवर हात ठेवून सांगत आला होता.

संध्याकाळी पावट्याची आमटी होती. पोरं जेवून उठली. मालोजीच्या पुढे ताट आलं. दुपारचं मटण पोटात दगडासारखं बसलेलं. खरोखरच घास उतरण्यासारखा नव्हता. त्याने ताट पुढे सारलं. सोजराबाईचा हात माळेवर गेला.

"आळंदीला जायचं न्हाई," तो म्हणाला. "ते तुझं ताट हाय. जेव."

नवऱ्यासमोर जेवायचं, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती नाही नाही म्हणाली, मग चुलीकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि जेवू लागली. गरम आमटी, गरम भाकरी. मालोजी त्या पाठीकडे बघत होता. आपली बायको एका भाकरीची आहे, असं त्याला बावीस वर्षं वाटत आलं होतं. तिने तिसरी मोडायला घेतली.