बाविसावा प्रश्न

सगळे त्याला फॉर्मवाला म्हणत. एका संस्थेसाठी एकोणीस वर्षं तो दारोदार फिरून विचारत होता, की या भागातली माणसं आहेत तरी कशी: कुणाचं ऐकतात, पाहुण्याला किती दिवस ठेवून घेतात, रडतात ते चारचौघांत की दार लावून. संस्थेतल्या बाई त्याचे तक्ते करत आणि दुसऱ्या मुलखांच्या तक्त्यांशेजारी मांडत. नदीच्या अलीकडचे लोक सांगत, "आम्ही जीव लावणारी माणसं, पलीकडची कोरडी ठणठणीत." पलीकडं गेलं की तेच वाक्य, बोट फक्त या काठाकडं. फॉर्मवाला दोन्ही लिहून घेई. छापलंय तसं वाचायचं, बोललेत तसं लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं. मान हलवायची नाही, मत सांगायचं नाही.

बायको म्हणायची, "जगाची खुशाली विचारत फिरता, एकदा मलाही विचारा की. सहीसुद्धा देते." वर्षभर अंथरुणावर पडून आठ महिन्यांपूर्वी ती गेली. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल असतो, पण आपला वाटत नाही. तसं त्याचं सगळंच झालं होतं. भूक लागली की जेवायचा. कामाला एक खाडा नाही.

थोरला भाऊ दोन तासांच्या वाटेवर राहायचा. तो आला नव्हता. ना दुखण्यात, ना शेवटच्या दिवशी.

आणि या खेपेच्या यादीत त्याचंच घर निघालं. 'घर बंद' अशी खूण करून पुढं जाता आलं असतं. फॉर्मवाल्यानं पेन टेकवलं, उचललं. बाविसावा प्रश्न त्याला पाठ होता, आणि त्याचं उत्तर त्याला या एका घरातून हवं होतं. फॉर्मशिवाय विचारायला त्याचं तोंड उघडलं नसतं.

दार वहिनीनं उघडलं. "भावजी? आलात तेही फॉर्मांची पिशवी घेऊन."

"यादीत नाव आलंय."

"बसा मग, यादीवाले."

दादा खाटेवर बसून चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधत होता.

"तुम्ही या भागात किती वर्षं राहता?" फॉर्मवाल्यानं सुरू केलं.

"मला अहो-जाहो करतोस?"

"छापलंय तसं वाचावं लागतं."

"वाच बाबा."

एकवीस प्रश्न सरळ गेले. दादानंही सांगितलंच, "आमच्याकडं माणूस माणसाला धरून असतो."

"आमचे हे खाटेला," वहिनी आतून म्हणाली.

फॉर्मवाल्यानं मान हलवली नाही. "प्रश्न बाविसावा. गेल्या वर्षभरात जवळच्या नात्यात कुणी वारलं का? तुम्ही त्या घरी गेलात का? नसल्यास कारण सांगा. एक, अंतर. दोन, काम. तीन, तब्येत. चार, भांडण. पाच, इतर."

दोरा सुटला. दादा तो पुन्हा गुंडाळत राहिला.

"गेलो नाही. पाच लिही."

"इतर असेल तर काय ते लिहावं लागतं."

"वर्षभर ती पडून होती, तेव्हा एकदा फिरकलो नाही. आज जातो, उद्या जातो. मग बातमी आली. कपडे घालून स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. म्हटलं, जिवंतपणी तोंड दाखवलं नाही, आता कुणाला दाखवू? गाडी गेली. दुसरी आली, तीही गेली. परत आलो."

उत्तराला जागा दोन ओळींची. उरलेलं फॉर्मवाल्यानं समासात लिहिलं, शब्दाला शब्द. मग सपाट आवाजात वाचून दाखवलं. मध्ये कुठंतरी आवाज अडेल असं त्याला वाटलं होतं. अडला नाही.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे." दादानं आता वर बघितलं. "तू काही बोलणार का नाही?"

"बोलायचं नसतं."

"पाणी तरी प्यायचं असतं ना?" वहिनीनं तांब्या पुढं केला.

तो प्यायला. मग त्यानं पान उलटलं. अजून एकोणीस प्रश्न होते. लोक कंटाळतात, म्हणून त्यातले निम्मे गाळायची मुभा संस्थेनंच दिली होती. त्यानं एकही गाळला नाही. दादाही खाटेवरून उठला नाही.