दातिवऱ्याच्या बारशातला वजनदार टॅबलेट

वस्तू पारखून घ्यावी, असे मी नोकरीभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, आणि तो टॅबलेटही मी पारखूनच घेतला. मी त्याचे वजन केले होते.

प्रसंग नातीच्या बारशाचा. मुलगा निखिल ओमानमध्ये एका कारखान्यात नोकरीला. बाळ झाल्यापासून त्याला रजा मिळाली नव्हती. सून दर्शना दातिवऱ्याच्या मासेमार घरातली, त्यामुळे बाळंतपण माहेरी आणि बारसेही तिथेच. लेकीचे नाव निखिलने स्वतः ठरवले होते, पण ते कोणालाही, अगदी दर्शनालाही, सांगितले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत तो व्हिडिओ कॉल करणार, नाव लिहिलेला कागद पडद्यावर फक्त आत्याला दाखवणार, आत्या ते बाळाच्या कानात सांगणार आणि त्याच वेळी बाप आपल्या लेकीला डोळे भरून पाहणार. आत्या म्हणजे माझी मुलगी प्राची. पडदा मोठा हवा, म्हणून टॅबलेट घेण्याची जबाबदारी मी स्वीकारली. (कोणी दिली नव्हती.)

बोईसर स्टेशनाबाहेर एक तरुण पिशवीतून टॅबलेट विकत होता. पाठीवर तीन कॅमेरे आणि एक कोरलेले फळ. फळ निरखून पाहिले तर पेरूसारखे वाटत होते.

"मास्टरजी, दुबई का माल है. डिब्बा नहीं है, इसलिए सस्ता है."

"हे पाहा, मी विज्ञानाचा शिक्षक आहे. मला कोणी फसवू शकत नाही."

हे ऐकताच त्याने किंमत आणखी उतरवली. (अशा वेळी विद्वत्तेचा आदर झाला असे समजू नये. ही सूचना वाचकांसाठी.) मी टॅबलेट शेजारच्या भाजीवालीच्या तराजूत ठेवला. माझा तर्क सरळ होता: यंत्र जितके जड, तितकी आत सामग्री अधिक. पारडे धाडकन खाली गेले!

"मास्तर, पावशेर मिरच्या देऊ का त्याच्यासंगं?" भाजीवालीने विचारले.

मी मिरच्याही घेतल्या. इतका आनंद झाला होता.

सरावलीला घरी आल्यावर मी टॅबलेट पत्नीच्या, सुमनच्या, हातात दिला. "बघ, केवढा वजनदार आहे!"

"वरवंटाही वजनदार असतो," ती म्हणाली. "पण त्यावर निखिल दिसत नाही."

त्याच संध्याकाळी प्राचीने शोध लावला की तीनपैकी दोन कॅमेरे चिकटवलेली चित्रे आहेत. मी तिला शांतपणे समजावले की माणसाला डोळे दोन असले तरी पाहण्याचे काम एकानेही भागते. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. दोन्ही डोळ्यांनी.

बारशाच्या दिवशी दातिवऱ्याला पोहोचलो. विहीणबाई, म्हणजे दर्शनाची आई गजराबाई, दारातच उभ्या होत्या. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते, ओसरीवर पाळणा सजला होता आणि सगळा गोतावळा हातात फोन घेऊन बसला होता. तो देखावा पाहून माझ्यातला परीक्षा-पर्यवेक्षक जागा झाला. ऐन नामकरणात दहा फोन वाजले तर? मी कोपऱ्यातली एक रिकामी टोपली उचलली आणि रांगेने फिरलो.

"सर्वांनी आपापले फोन बंद करून यात ठेवावेत. कार्यक्रम संपल्यावर परत मिळतील."

आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ठेवले! (आवाजात एकदा खडू मिसळला की तो जात नाही.) विहीणबाईंनी कमरेला खोचलेला, रबर लावलेला बटणांचा जुना फोन काढून विचारले, "ह्यो पन देऊ काय मास्तर?"

"तो राहू द्या विहीणबाई," मी उदारपणे म्हणालो. "तो मी फोनात धरत नाही."

टोपलीवर ओले फडके झाकून मी ती दाराशी ठेवली आणि टॅबलेट, त्यात माझ्या फोनचे सिमकार्ड घालून, पाळण्यासमोरच्या पाटावर उभा केला. निखिलचा कॉल आला. पडद्यावर तो दिसला, आणि कोपऱ्यात मी दिसलो. माझे गाल गुलाबी होते, ओठ लाल होते आणि मिशी साफ नाहीशी झाली होती!

"बाबा, तुम्हीच ना?" निखिल.

"अर्थात मीच!"

"आगो बाय," विहीणबाई मागून वाकून म्हणाल्या, "मास्तर तं नवरीवानी दिसतान!"

त्या टॅबलेटात चेहरा सुंदर करण्याची सोय होती आणि ती बंद करण्याची नव्हती. "बंद" या बटणावर बोट ठेवले की त्याच्या खालचे बटण दाबले जाई आणि मला मांजराचे कान फुटत. कान येताच बायकांनी पदर तोंडाला लावले. मी मांजराच्या कानांनिशी गंभीरपणे म्हणालो, "निखिल, वेळ थोडा आहे. कागद दाखव."

त्याने कागद समोर धरला. टॅबलेटने तो क्षणभर न्याहाळला, त्यालाही चेहरा समजला आणि त्यावरची अक्षरे डाग म्हणून पुसून टाकली. एवढा गोरा, नितळ, निष्कलंक कागद मी आयुष्यात पाहिला नाही!

"प्राची, दिसलं का?" निखिल विचारत होता.

"कोरा आहे रे दादा!" प्राची ओरडली.

"अगं, मोठ्या अक्षरांत लिहिलंय! आणि बाळ कुठंय? मला तर तिथं नुसती एक चकचकीत पुरी दिसतेय."

"तुझी लेक आहे ती!" सुमन गहिवरून म्हणाली.

एवढ्यात पडदा काळा झाला. बॅटरी अजून पूर्ण भरलेली दिसत होती. विझतानाही त्याने तेच सांगितले. मी ताबडतोब चार्जर लावला आणि माझ्या हातातून जे गेले त्याला विजेचा धक्का म्हणतात. "घाबरू नका," मी थरथरत म्हणालो, "याचे कारण सदोष वेष्टन हे आहे." कारण पूर्ण सांगण्याआधीच टॅबलेट हातातून निसटला आणि ओसरीच्या पायरीवर आपटून पाठीकडून उघडला.

विहीणबाईंनी वाकून पाहिले. आत आगपेटीएवढी बॅटरी होती, बोटभर हिरवी पट्टी होती आणि उरलेल्या सगळ्या जागेत डिंकाने चिकटवलेली एक जाड पट्टी.

"मास्तर, ह्यात तं लोखंड हाय!"

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत लोखंड कमी आहे असे नाही. पण ते मी स्टेशनाबाहेरून, पेरूचे चिन्ह लावलेले आणि मिरच्यांसह विकत आणले होते!

"बाबा, तुमची मिरवणूक नंतर काढू," प्राची दातओठ खात म्हणाली. "दादाची सुट्टी संपत आलीय. फोन द्या कोणाचा तरी!"

"टोपली!" मी अभिमानाने म्हणालो. अखेर माझ्या शिस्तीचा उपयोग होणार होता. मी दाराशी गेलो. तिथे टोपली नव्हती.

"हितली टोपली?" विहीणबाई म्हणाल्या. "ती माज्या जावंनं नेली. मनोरच्या बाजाराला चाललीय नाय ती टेम्पोनं? बोंबलाची टोपली वाटली आसंल तिला. फडका कोनी झाकला वर?"

फडके कोणी झाकले, हे सगळ्यांना माहीत होते. गोतावळ्यातला प्रत्येक फोन, बंद करून, सुक्या बोंबलांच्या शेजारी बसून, मनोरच्या रस्त्याला लागला होता!

"फोन लावा तिला!" कोणीतरी ओरडले. मग ज्याने त्याने आपला खिसा चाचपला आणि सगळे माझ्याकडे वळले. दर्शनाने बाळाला छातीशी घट्ट धरले. तिचे डोळे भरून आले होते. "आई, त्यांनी आजच्या दिवसासाठी किती दिवस वाट बघितली गं," ती हळूच म्हणाली. माझा अभिमान तिथेच मावळला.

आणि विहीणबाईंची कंबर वाजली.

त्यांनी फोन काढला, रबर सारले आणि कानाला लावला. "हां जावय. व्हय, काळा झाला... व्हय, मास्तरांनीच आनला... नाय, नवा हाय, म्हनून तं काळा झाला!" मग त्या क्षणभर ऐकत राहिल्या. "आसा करू. बाळाच्या कानाला लावते. तुमीच सांगा नाव. बापाच्या तोंडून ऐकूं दे पोरीला."

"अहो, पण नाव आत्यानं सांगायचं असतं!" प्राची पुढे धावली. तोवर फोन बाळाच्या कानाला लागला होता. सगळे कान टवकारून पुढे सरकले. बाळ डोळे मोठे करून ऐकू लागले आणि मग चक्क हसले. पलीकडे, समुद्रापार, निखिलला ते हसू ऐकू गेले असावे, कारण फोनमधून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. पाठोपाठ भोंगा वाजला आणि कॉल बंद झाला. त्याची सुट्टी संपली.

"काय नाव?" सुमनने विचारले.

कोणालाच ऐकू आले नव्हते. बाळाला ठाऊक होते. ते सांगण्याच्या स्थितीत नव्हते. तेवढ्यात प्राची सावकाश सरळ उभी राहिली. तिने वाकून फोनला बाळाशेजारीच कान लावला होता.

"मला कळलंय," ती म्हणाली. "पण माझा मान बाळाच्या बापानं पळवला. आत्याचा मान मिळाल्याशिवाय सांगणार नाही."

"साडी घेतो," मी म्हणालो.

"साडी नको. वहिनीला एक चांगला फोन घ्या, बाबा. दुकानातून. खोक्यासकट, पावतीसकट. दादाला रोज लेक दिसली पाहिजे, पुरी नाही. आणि तुम्ही त्याचं वजन करायचं नाही!"

"मान्य," मी म्हणालो. संपूर्ण दातिवरे साक्षीला होते.

"सई," प्राची म्हणाली. पाळण्याचे गाणे सुरू झाले आणि दर्शना रडता रडता हसू लागली.

संध्याकाळी टोपली मनोरहून परत आली. फोन सगळे सुखरूप होते, फक्त आजही कोणी फोन कानाला लावला की त्याला भूक लागते. नवा फोन मी दुकानातून घेतला. सई आता रोज बापाशी गप्पा मारते, आणि माझ्या मिशीसह मीही त्यात दिसतो.

टॅबलेट मात्र विहीणबाईंनी ठेवून घेतला. वाळत घातलेल्या सुकटीवरचा प्लास्टिकचा कागद खाडीच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तो त्यावर ठेवतात. परवा भेटल्या तेव्हा मोठ्या आदराने म्हणाल्या, "मास्तर, चीज एक नंबर आनलीत. वारा केवढा बी येऊं दे, जागची हलत नाय!"

मी मान डोलावली. वजन मीच तर करून घेतले होते!