सहावं लुगडं

तुकारामअण्णा पुस्तक मागून उघडत. आधी टिपा, मग संदर्भसूची, आणि तिथे मन रमलं तरच पहिलं पान. आमच्या म्हैसूरच्या कॉलेजात ते ग्रंथपाल. घराणं मंडी मोहल्ल्यातल्या रंगाऱ्यांचं. कुणी कसलीही बातमी आणो, अगदी नंजनगूडची बस बंद पडल्याची, अण्णांचा कानडी प्रश्न तयार: "यारु हेळिद्दु? कोण म्हणालं?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची हंगामी लेक्चरर. सुती साडी, खांद्याला शबनम आणि साऱ्या जगाचा न्यायनिवाडा करायची घाई. एका दिवंगत सोव्हिएत इतिहासकाराच्या चरित्रावर प्रबंध लिहीत होते. त्याचं नाव इथे देत नाही. एकदा बदनामी केली तेवढी पुरे. त्याने मित्राची पोलिसांकडे चुगली केली आणि मित्र छावणीत मेला, असं माझं ठाम विधान. पुराव्याला पाच पुस्तकं. मॉस्कोहून आलेलं चरित्र सरकारी, म्हणजे खोटं. देश सोडून गेलेल्यांनी लिहिलेलं, म्हणजे खरं. काय सोपं होतं हो तेव्हा जग!

अण्णांनी आठवडाभर ती पुस्तकं चाळली आणि मला काउंटरवर बोलावलं.

"तंगी," म्हणाले. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "ही पाचही रंगाच्या एकाच हौदातून काढलेली लुगडी. सगळ्यांच्या टिपा तुझ्या इतिहासकाराच्या एका शिष्याच्या आठवणींकडे जातात. तो शिष्य कोण? त्यानंच नापास केलेला. चुगली झाली म्हणतात तेव्हा हा शिष्य त्या शहरातसुद्धा नव्हता."

"म्हणजे मॉस्कोचं चरित्र खरं?"

"तसं कुठे म्हणालो? त्यात मित्राचं नावच नाही, अख्खा माणूस गाळलाय. तेही धुऊन बघायला पाहिजे, अल्वा? नाही का? पण तुझं हे वाक्य काढ."

"अण्णा, ते काढलं तर प्रबंधात उरतं काय?"

"मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून ठेवतेस होय?"

मी ठेवलं. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, कायमची नोकरी त्यावर होती. ती मिळालीही. पेढे घेऊन गेले, तर अण्णांनी अर्धाच उचलला.

पुढे तिकडचे दप्तरखाने उघडले, नवी चरित्रं आली. एके सकाळी निवृत्त अण्णा काठी टेकत घरी आले. एक जाडजूड परदेशी पुस्तक माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलं आणि मागून उघडलं. चुगलीच्या आरोपाला टीप होती. टिपेत माझं नाव.

मी वेडी चक्क हरखले! पिठाच्या हातांनीच पुस्तक उचललं.

"अभिनंदन," अण्णा म्हणाले. "सहावं लुगडं."

त्याच दुपारी त्यांनी समोर बसून माझ्याकडून लेखकाला पत्र लिहवून घेतलं: माझा आधार एकच, तोही ऐकीव. दोन ओळींना तीन तास लागले. उत्तर आलं तोवर अण्णा गेले होते. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, असं लेखकानं कळवलं होतं. पुढची आवृत्ती निघालीच नाही.

तेव्हापासून माझ्या पायांना थारा नाही. बंगळुरूला लग्न असो की पुण्याला बारसं, मी आधी तिथलं ग्रंथालय गाठते. ते पुस्तक सापडलं की इकडेतिकडे बघते आणि माझ्या नावाशेजारी बारीक अक्षरात लिहिते, 'या बाईवर विश्वास ठेवू नका.' मागच्या महिन्यात एका तरुण ग्रंथपाल मुलीनं पकडलंच.

"अहो आजी, पुस्तकात काय लिहिता? आणि कोण ही बाई? तुमचं काय वाकडं केलंय तिनं?"

"माझं नाही गं," मी म्हटलं आणि तिला खुर्ची ओढून बसवलं. "एका मेलेल्या माणसाचं. आणि ती बाई तुझ्यासमोरच उभी आहे."