सहीसाठी शनिवारी मनोरीला

मनोरीला लोक हवा खायला जातात. मी एका सहीसाठी गेलो, आणि तेही चुकीच्या दिवशी. कुणाला तिकडे जायचं असेल तर रस्ता उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितो. चूकही लिहितो, कारण ती वगळली तर प्रवासातलं फारसं काही उरत नाही.

मी मुलुंडला राहतो, कॉलेजात इतिहास शिकवतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेटचं खूळ डोक्यात घेतलं. विषय बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. प्रबंधाचं काम बरं चाललं होतं. शुक्रवारी विद्यापीठाचं पत्र आलं. ज्यू विषयावर डॉक्टरेट करणाऱ्याने हिब्रूची दोन सत्रं पुरी करावीत, आणि जाणत्या शिक्षकासमोर स्वरचिन्हांशिवाय छापलेला न पाहिलेला उतारा मदतीशिवाय वाचल्याचा दाखला जोडावा. सोमवारपर्यंत न आल्यास नोंदणी रद्द.

हिब्रू शिकवण्याची सोय विद्यापीठात नाही. कचेरीतल्या कारकुनाला मी हे आधी एकदा विचारलं होतं.

"सोय नाही हे खरं," तो म्हणाला, "पण अट आहे."

सत्रं मी घाटकोपरच्या एलोजी मास्तरांकडे पुरी केली होती. ते निवृत्त शिक्षक, स्वतः बेने इस्रायल, सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारे. उतारा आणि सही एवढंच राहिलं होतं. शनिवारी मला तास नव्हते. सकाळी पिशवीत फॉर्म, शाईचं पेन आणि लिहून झालेलं तिसरं प्रकरण घेतलं.

"शनिवारी जाताय?" सुमनने, माझ्या बायकोने, विचारलं.

"माझा कसलाही उपास नाही," मी म्हणालो. नंतर कळलं की तिला उपासाबद्दल विचारायचं नव्हतं. तिसरं प्रकरण तिनेच स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं होतं.

घाटकोपरला मास्तरांच्या सुनेने, राहेलबाईंनी, दार उघडलं. "पप्पा मनोरीला आहेत, महिनाभर. छातीला समुद्राची हवा हवी म्हणाले डॉक्टर. पण आज—"

मी घड्याळ पाहिलं आणि पेन पुढे केलं. "पत्ता लिहून देता?"

त्यांनी हात पदराखाली घेतले. "सांगते ना, तुम्हीच लिहा. फिलूबाईंचं घर, चर्चच्या मागे. पण भाऊ, आज—"

"होडी चुकेल," म्हणून मी जिना उतरलोही. या बाईंना लिहिता येत नसावं, असं मनात आलं. त्या मॅट्रिक झालेल्या आहेत, हे मला मागाहून कळलं. तो विचार मनात आल्याची लाज अजून गेलेली नाही.

घाटकोपरहून कुर्ल्यावरून अंधेरीची बस मिळते. रस्ता खडबडीत, दोन्हीकडे शेतं. पुलाचं काम चालू होतं म्हणून बस पाऊण तास उभी राहिली आणि कंडक्टर शांतपणे शेंगा सोलत बसला. अंधेरीहून गाडीने मालाड. स्टेशनाबाहेर उसळपाव चांगला मिळतो, चहा मात्र टाळावा. तिथून मार्वेला टांगा करावा लागतो. टांगेवाला आधी भाव सांगतो आणि वाटेत रस्ता किती वाईट आहे हे समजावून तो वाढवतो. मार्वेला खाडी ओलांडायला होडी. होडीत चढताना गुडघ्यापर्यंत चिखल लागतो, तेव्हा धोतर नेसून जाऊ नये. मी धोतरात होतो.

मनोरीत फिलूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. ख्रिस्ती कोळीण, साठीची, आवाज खणखणीत. "मास्तर हाय की. पन तू कशाला आयलास?"

"सही हवी आहे."

त्यांनी माझ्याकडे, मग पेनाकडे पाहिलं. "आज शनवार ना रे? मास्तर आज काडीपन पेटवीत नाय, चूल मी पेटवते. सही कशी करंल? शिकलेला दिसतोस तू."

पिशवीत माझं तिसरं प्रकरण होतं. बावीस पानं. शीर्षक: 'शनिवार-पालन.' शनिवारी लिहिणं वर्ज्य असतं हे त्यात तळटीपेसह आहे.

मी पडवीच्या कठड्यावर बसलो. रागवायला समोर कुणी नव्हतं, म्हणून विद्यापीठावर रागावलो.

मास्तर बाहेर आले. पांढरा लेंगा, डोक्यावर काळी टोपी. सगळं ऐकून ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. "वाचायला बंदी नाही," म्हणाले. "उलट आज वाचावंच. सही सूर्य मावळून तीन तारे दिसल्यावर."

"आणि शेवटची होडी?"

"दिवेलागणीला," फिलूबाई म्हणाल्या. "होडी माझा दीर हाकतो, बस्त्याव. सांगते त्याला थांबायला. पन पानी उतरलं तर तो कोनाचा नाय."

दुपारभर वाचलं. मास्तरांनी मी न पाहिलेलं एक पान उघडलं. तीन ओळी मी नीट वाचल्या. चौथीत अडकलो. व्यंजनं समोर उभी, स्वर कुठले घालायचे ते सुचेना. मास्तरांनी एक शब्द सांगितला, मग दुसरा. अकराव्या ओळीपर्यंत आम्ही पोचलो, पण 'आम्ही' हेच खरं. तिसऱ्या ओळीखाली त्यांनी पुस्तकात असलेली कागदाची पट्टी सरकवून ठेवली.

सूर्य बुडाला. बस्त्याव कुंपणाशी येऊन उभा राहिला. "चल रे भाऊ, पानी उतरतंय."

"तो बघा तारा," मी म्हणालो.

"तो शुक्र," मास्तर म्हणाले. "तो धरत नाहीत. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात हे आहे का?"

नव्हतं.

बस्त्यावने माडांमधून एक शोधला, फिलूबाईंनी चर्चवर दुसरा. तिसऱ्यासाठी आम्ही चौघं माना वर करून उभे होतो. "त्यो काय," बस्त्याव म्हणाला, "आता लिव्हा लौकर." पण मास्तर आत गेले, द्राक्षाच्या सरबतावर शनिवारला निरोप द्यायची प्रार्थना म्हणाले, सब्ज्याची पानं हुंगली, मलाही हुंगायला दिली. बस्त्याव बाहेर कुणाला तरी शिव्या देत होता, बहुधा मला.

मग मास्तरांनी माझंच पेन घेतलं. फॉर्मवर छापलं होतं: 'उमेदवाराने उतारा मदतीशिवाय वाचला.'

"काय करू?" ते म्हणाले. "तुमची दोन वर्षं यात आहेत, मला माहीत आहे. सही करायला हात तयार आहे. पण आठवडा आत्ताच सुरू झाला. त्यातली माझी पहिली सही ही. तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी नकार दिला असता तर सोपं झालं असतं. मला त्यांचा थोडा रागही आला. शेवटी म्हणालो, "झालं तसं लिहा."

छापील ओळीवर काट मारून त्यांनी लिहिलं: 'अकरा ओळी वाचल्या. तीन स्वतः, आठ मदतीने.' खाली सही. आम्ही धावलो. होडी निम्मी चिखलात होती आणि ती मी ढकलली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

सोमवारी मी दाखला कारकुनाला दिला. त्याने सही पाहिली आणि शिक्का उचलला.

"शेरा वाचा," मी म्हणालो.

"शेरा वाचणं माझ्याकडे येत नाही. सही आहे, मुदतीत आहे." शिक्का नेमका 'तीन स्वतः' वर बसला. जांभळ्या शाईखाली आता काहीच वाचता येत नाही.

घरी सुमनने विचारलं, "झालं?"

"स्वीकारलं."

"मग चेहरा असा का?"

तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला किती येतं हे आता फक्त मास्तरांना ठाऊक."

"आणि मला."

"मग जा की. रविवारी जा, आणि धोतर नको."

चार रविवार जाऊन आलो. विद्यापीठाने बोलावलेलं नाही. टांगेवाला रस्त्याची तक्रार तशीच करतो. फिलूबाई मला 'शनवारवाला' म्हणतात. मास्तर तेच पान उघडतात, मी पहिल्या ओळीपासून वाचतो, ते गप्प बसतात. कागदाची पट्टी आता आठव्या ओळीखाली आहे.