न बोलणाऱ्यांची सरासरी

त्या साली सुगीत लोणावळ्यात बातमी उठली, की ताजुन्निसाबीच्या युनूसनं सरकारी नोकरी सोडली आणि तो खांद्यावर पोतं टाकून नाणे मावळात बलुतं मागत फिरतोय. रतनबाईनं त्याला स्टेशनावर भाताच्या पोत्यासकट उतरताना पाहिलं होतं, आणि रतनबाईनं पाहिलं म्हणजे अख्ख्या आळीनं पाहिलं.

पोतं खरं होतं, भातही खरं होतं. नोकरी मात्र त्यानं सोडली नव्हती. तीच त्याला सोडायच्या बेतात होती.

मॅट्रिक झालेल्या युनूसला वडगावच्या एका कचेरीनं भातपिकाच्या पाहणीवर हंगामी घेतलं होतं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेतकऱ्यांच्या खळ्यावर जायचं, एकरी किती भात झालं ते विचारायचं आणि लिहायचं. काम पसंतीस उतरलं तर नोकरी कायम. नाही उतरलं तर कादरचाचा होताच. तो त्या गावांचा मुलाणी. खळ्यावर सूपभर भात हा त्याचा पिढीजात हक्क. अम्मीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चाचाचं पोतं खुंटीला आहेच हो. विसरू नकोस." त्या पोत्याच्या धाकानंच युनूस कोट घालून निघाला.

पहिलं खळं बजरंगचं. युनूसनं रामराम घातला. "भाऊ, यंदा भात किती झालं?"

बजरंगनं वर पाहिलंसुद्धा नाही. सूपभर भात घेतलं आणि युनूसच्या पिशवीत, कागदांवरच ओतलं.

"अहो, मी मागायला नाही आलो! सरकारातनं आलोय."

"सरकारातनं? मंग तर आजाबात सांगत न्हाई."

पुढच्या खळ्यावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. मुलाण्याचं पोरगं कोट घालून आलं काय नि उघडं आलं काय, खळ्यावर आलं म्हणजे हक्काचं न्यायला आलं, हे गावाला पक्कं ठाऊक. सूप मिळे, आकडा मिळेना. युनूस कागदातलं भात झटकून झटकून कावला.

आणि एकीकडे हा हौशीराम! न विचारता बांध ओलांडून धावत आला. "लिवा, मुलानीभाई, लिवा! करपा पडलाय. खेकड्यांनी बांध फोडला. काय सुदीक ऱ्हायलं न्हाई!" लिहून झालं तरी तो दुसऱ्या खळ्यापर्यंत मागं आला आणि करपा पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

शेवटी निम्मे रकाने कोरे राहिले. कचेरीतल्या पाटसकरसाहेबांनी ते पाहून चष्मा कपाळावर नेला. "कोरा रकाना? पुण्याला काय कोरा कागद धाडू?"

"लोक बोलतच नाहीत, साहेब."

"मग बोलले त्यांची सरासरी काढ आणि टाक न बोलणाऱ्यांच्या नावावर. त्याला काय अक्कल लागते?"

युनूसनं टाकली. कागद कसा भरगच्च दिसायला लागला. साहेब म्हणाले, "शाबास."

चार दिवसांनी पुण्याहून मोठे साहेब ताळा करायला आले आणि नेमके बजरंगच्या खळ्यावर जाऊन उभे राहिले. बजरंगच्या नावावर हौशीरामच्या करप्याला शोभेल असा आकडा, आणि समोर रास ही अशी, की पलीकडचा बैल दिसेना. पाटसकरसाहेबांनी लगेच बोट दाखवलं, "हे यानं भरलंय." मोठे साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत दुरुस्त करा. नाहीतर दुसरा माणूस पाहू."

ते गेल्यावर युनूस बांधावर कपाळाला हात लावून बसला. डोळ्यांपुढं चाचाचं पोतं. बजरंगची आई बयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"मावशी, एवढं पिकलंय, मग सांगायला काय झालं होतं?" युनूस करवादला.

"आरं लेकरा, रास उभी हाय तवर तिचा आकडा कुनी बोलतंय व्हय? नजर लागती. ज्याची रासच न्हाई त्यो बोलंल की खुशाल. आन मुलान्याम्होरं तर मुळीच न्हाई. आकडा कळला की एका सुपाची दोन मागाल."

युनूसचा तांब्या तोंडाशीच राहिला. म्हणजे रकाने आपले कुठंही, कसेही कोरे राहिले नव्हते. ज्यांचं पिकलं तेच गप्प होते, ज्यांचं बुडालं तेच बोलत होते. आणि आपण हौशीरामचं रडगाणं नेऊन बजरंगच्या गळ्यात बांधलं!

"मग सांगणार कधी?"

"कनगीत पडल्याव ये. तवा सांगू."

सोमवारपर्यंत सगळ्या गप्प लोकांकडं जाणं होण्यासारखं नव्हतं. त्यानं फक्त त्यांच्याच नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, हाताला आल्या तेवढ्यांच्या घरी कणगी भरल्यावर गेला. आपण बलुत्याला आलो नाही हे पटावं म्हणून मिळालेलं भातही परत घेऊन गेला. झालं उलटंच. "मुलान्याचं भात माघारी? आवदसा आनायची हाय व्हय घरात?" म्हणत लोकांनी वर आणखी एकेक सूप ओतलं. पण आकडे सांगितले. बाकीच्या गप्प लोकांच्या रकान्यांत त्यानं या भेटलेल्या गप्प लोकांचीच सरासरी घातली आणि शेजारी लाल शाईनं लिहिलं, 'अंदाज'. मग पोतं खांद्यावर मारून घरी आला, आणि स्टेशनावर नेमकी रतनबाई!

पुण्याचा ताळा या खेपेला बराच जवळ बसला आणि युनूसच्या कायमपणाचा हुकूम आला. पाटसकरसाहेबांनी तो त्याच्या हातात दिला खरा, पण आंबट तोंडानं. "सगळ्यांकडं गेलाच नाहीस. उरलेल्यांचे आकडे शेवटी मनानंच भरलेस ना?"

युनूसनं हुकमाची नीट घडी घालून कोटात ठेवली.

"मनानं तर मी पहिल्यांदा भरले होते, साहेब. तेव्हा तुम्ही शाबास म्हणाला होता."