चारशे सतरा नंबरचा जबडा

कवळीकाकांमुळे शहरातले निम्मे म्हातारे सफरचंद चावून खात होते, आणि त्यातल्या एकानेही काकांना कधी पाहिलं नव्हतं.

काकांचं काम दातांचंच, पण ते डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेणार, माप डब्यातून काकांच्या कारखान्यात येणार, काका त्यात प्लास्टर ओतणार, आणि तासाभरात कुणाच्या तरी तोंडाची पांढरीशुभ्र प्रतिकृती टेबलावर हजर. माणूस नाही, नाव नाही. नुसता जबडा, एक नंबर आणि डॉक्टरांच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी. त्यावरून काका कवळ्या करत, दाढांच्या टोप्या करत. टोपी म्हणजे पडक्या दाढेवर बसवायची कॅप. कारखाना म्हणायचं आपलं. होत्या दोनच खोल्या, एक लांब टेबल, मेण वितळवायचा दिवा आणि सगळ्यावर पिठासारखी प्लास्टरची धूळ. काकांच्या भुवयासुद्धा संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या व्हायच्या.

कामात हात पक्का, पण वेळेच्या नावाने शंख. डॉक्टरांचा फोन आला की, कारखान्यात असो की घरी, काका कान आणि खांद्यात फोन धरून, "झालंच डॉक्टर, निघालंच डॉक्टर, माणूस तुमच्या दारात पोचला असेल बघा!" असं म्हणत, आणि तेव्हा ते माप अजून डब्यातून बाहेरसुद्धा काढलेलं नसे.

पण काकांची खरी ख्याती वेगळीच होती. ते जबड्यांना बोलायला लावायचे. नवा साचा आला की वरचा-खालचा जबडा दोन हातांत धरायचे, दात बघायचे, आणि त्यातून माणूस उभा करायचे. पुढचे दात बाहेर? "अहो, शाळेत हेडमास्तर होतो मी, शिटी न वाजवता मुलांची रांग लावायचो!" दाढा सगळ्या गायब, सुळे शाबूत? "वहिनी, जेवायचं काही नाही, नुसता चहा चालेल... बरोबर काहीतरी कुरकुरीत असलं तर बघा." समोर पॉलिशचं काम करणारी बाई हसून हसून चाक बंद करायची. "काका, पुरे हो, दात तुटेल हातातला!"

एका बुधवारी चारशे सतरा नंबर आला.

चिठ्ठीवर होतं: स्त्री, वय एक्कावन्न. झोपेत दात खाते. जबडा आखडतो, कानशिलं दुखतात. रात्री दातांवर लावायची पट्टी हवी. शुक्रवारी जबड्याच्या स्नायूत इंजेक्शन.

"इंजेक्शन?" पॉलिशवाली म्हणाली. "जबड्यात?"

"बोटॉक्स गं. सिनेमावाल्या सुरकुत्या घालवायला घेतात ना, तेच. स्नायू ढिला पडतो. मग कितीही राग येवो, दातच आवळता येत नाहीत." काकांनी साचा उजेडात धरला आणि शीळ घातली. "आई गं! अगं, हे बघ. दाढांची टेकाडं उरलीच नाहीत. सगळं सपाट मैदान. सुळे तर खोडरबरासारखे झिजलेत. ही बाई रात्रभर दगड दळते."

"कशापायी दळत असेल?"

"कशापायी म्हणजे? नवरा!" काकांना आता रंग चढला. त्यांनी दोन्ही जबडे एकमेकांवर करकर घासले आणि बाईचा आवाज काढला. "नाही हो, मला काही झालेलं नाही. मी कशाला चिडू? मी नाहीच चिडलेली!" मग छाती काढून नवऱ्याचा: "अगं, तुला काय झालंय? तुझं आपलं रोजचंच डोकं दुखणं. बरं ते जाऊ दे, ऐक, आज काय गंमत झाली..."

पॉलिशवाली टेबलावर डोकं टेकून हसत होती. "असलेच असतात! डिट्टो! काका, ही बाई तुम्हाला भेटली तर पाया पडेल तुमच्या."

"पाया कसली पडते, चावेल," काका म्हणाले, आणि हसत हसत त्यांनी साचा यंत्रावर चढवला. लोखंडी बिजागरीचं यंत्र. त्यात जबडे बसवले की तोंडासारखे उघडतात, मिटतात. खालचे दात वरच्यांवर कसे बसतात ते बघायला काकांनी साचा तिरका केला. डावीकडची शेवटून दुसरी दाढ झिजलेली असूनही कडेने त्यांना जरा जाड वाटली. टोपी होती. टोपीच्या गालाकडच्या बाजूला, हिरडीपासून थोडं वर, तिळाएवढा खळगा होता.

काकांचं हसू तिथेच थांबलं.

तो खळगा त्यांचा होता. टोपी घडवून झाली की काका कोरणीच्या टोकाने तिथे एक ठिपका द्यायचे. कुंभार बोटाचा ठसा ठेवतो, तसं. डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हतं. अशा टोप्या शहरात शेकड्यांनी होत्या, तो प्रश्न नव्हता. पण शेजारचा दात थोडा वळून त्या टोपीला खेटला होता, शाळेच्या बाकावर शेजारणीच्या कानात सांगायला झुकावं तसा. ती टोपी त्या वाकड्या दातापायी काकांनी तीनदा घडवून मोडली होती. पंधरा वर्षं झाली. तेव्हा माप नंबराने आलं नव्हतं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, "तुमच्या सौभाग्यवतींचं आहे, जरा जपून."

"काय झालं काका? बाईने धरलं का बोट?"

"काही नाही," काका म्हणाले. "पट्टीचं मेण काढ."

दुपारभर ते कुणाच्याही आवाजात बोलले नाहीत.

टोपी बसवली तेव्हा त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं की तीस वर्षं हिला मरण नाही. आता ती निम्मीही उरली नव्हती. मेण पसरताना काकांना सारखा आठवत होता तो घरातला पंखा. गेल्या वर्षभर रात्री खोलीत करकर आवाज यायचा. काकांनी शिडी आणून पंख्याला तेल घातलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा काकूंनीच शिडी धरली होती. खाली उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "अहो, पंख्याचा नसेल आवाज." आणि वर चढलेले काका म्हणाले होते, "तुला काय कळतंय त्यातलं? कान माझे आहेत." दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

काकू वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसायच्या. आधी फोनवर असायच्या, आणि तेव्हापासून काकांचा घरचा हुकमी खेळ ठरलेला होता: 'फोनवरची काकू'. दर रविवारी धाकटा भाऊ आणि त्याची बायको जेवायला यायचे. पानं उचलायची वेळ झाली की धाकटा म्हणायचा, "दादा, वहिनी कर ना." मग काका नाकात बोलायचे, "एक मिनिट हं, लिहून घेते हं. म्हणजे अगदीच गेलीये, की मिणमिणतेय?" सगळे लोटपोट. काकूही हसायच्या, तोंडावर हात धरून.

संध्याकाळी चालत घरी जाताना काकांनी मनात ताजी काकू करून बघायचा प्रयत्न केला. या आठवड्यातली, निदान या महिन्यातली. एकही वाक्य सापडेना. "जेवायला बसा." "दूध संपलंय." हे काही काकूंचं नव्हे, हे कुणाचंही. आणि फोनवरचं काम तर सुटूनच अकरा वर्षं झाली होती. आता फोनवर यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा. यंत्राला कंटाळलेले लोक मग येऊन काकूंच्या खिडकीवर ओरडतात. अख्ख्या गावाचे आवाज काढणाऱ्या काकांच्या पोतडीत स्वतःच्या बायकोचा माल अकरा वर्षं जुना होता. दुकानच बंद पडलं होतं, आणि ते गिऱ्हाईक हसवत बसले होते.

काकू भाजी चिरत होत्या. काकांनी चपला काढल्या, हात धुतले, पुन्हा धुतले.

"चारशे सतरा नंबर माझ्याकडे आलाय," ते म्हणाले.

सुरी थांबली. "मी डॉक्टरांना सांगितलं होतं, दुसरीकडे पाठवा म्हणून."

"दुसरे सुट्टीवर आहेत."

"नाव तर नव्हतं ना?"

"टोपी माझी आहे."

"हो," काकू म्हणाल्या. "ती माझ्या लक्षातच नाही राहिली." आणि पुन्हा चिरायला लागल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. डोकं दुखतं म्हणून सांगितलं."

"कधी?"

"मागच्या रविवारी तुम्ही केलंतसुद्धा ते. 'डोकं दुखतंय हंऽ, जरा हळू हसा हंऽ.' भाऊजींना तर ठसका लागला." काकू रागावल्या नव्हत्या, तक्रार लिहून घेताना बोलावं तशा बोलत होत्या. "मी काही बोलले की रविवारी ते सगळ्यांच्या पानात वाढलं जातं. मग मी म्हटलं, नको बोलायला. दिवसभर खिडकीवर लोकांचं ऐकून घ्यायचा पगार मिळतो मला. घरी आपलं असंच."

"अगं, ती गंमत असते."

"माहितीये. म्हणून तर चिडता येत नाही."

काकांच्या तोंडात पाच-पन्नास माणसांची उत्तरं तयार होती. स्वतःचं एकही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "शुक्रवारी मी येऊ का?"

"तिथे नक्कल नाही करायची."

"नाही."

"घरी येऊन पण नाही."

"नाही गं."

शुक्रवारी काकू खुर्चीत आडव्या झाल्या आणि काका त्यांची पर्स मांडीवर धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. इतकी वर्षं ज्यांना 'निघालंच' म्हणून टोलवलं, त्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच समोर दिसत होत्या. फोनवर आवाज दांडगा. प्रत्यक्षात बाई काकांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. एरवी काकांनी हे लगेच टिपून ठेवलं असतं.

"दात घट्ट दाबा," डॉक्टर म्हणाल्या. काकूंनी दाबले. कानाखाली, गालाच्या मागच्या कोपऱ्यात सुपारीएवढी गाठ टरारून वर आली. काकांनी आयुष्यभर हाडं आणि दात पाहिले, पण प्लास्टरला स्नायू नसतो. हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी पेनने तीन ठिपके दिले, दुसऱ्या गालावर तीन. बारीक सुई सहा वेळा आत गेली. काकूंनी एकदाच काकांकडे पाहिलं. काकांनी पर्सचा पट्टा आवळला.

"झालं. आठवडाभरात हलकं वाटायला लागेल, नीट गुण यायला दोन आठवडे. तोवर रात्री पट्टी. चावताना जरा दमायला होईल, घाबरू नका. तीन-चार महिने टिकेल."

"आणि मग?" काकांनी विचारलं.

"मग औषध उतरतं. हे स्नायूला सुट्टीवर पाठवतं, एवढंच. दात खायला लावणारं जे काही आहे, ते घरीच बसलेलं असतं." डॉक्टरांना हे बोलताना काहीच ठाऊक नव्हतं, पण काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि एक सवय लावून घ्या, काकू. दिवसभर आठवण ठेवायची. ओठ मिटलेले, दात सुटे. जेवताना सोडलं तर दाताला दात लागायचं कारण नाही." मग काकांकडे वळून, "पट्टी कधी देताय? की निघालीच?"

काकांनी खिशातून डबी काढून पुढे केली. पट्टी तयार होती. वेळेआधी. डॉक्टरांनी ती दोनदा उलटीपालटी करून बघितली.

पुढचे दोन रविवार काकांनी धाकट्याला काहीबाही सांगून टाळलं. तिसऱ्या रविवारी तो बायकोसकट येऊन धडकलाच. जेवणं झाली. काकूंचा चेहरा गालाशी जरा उतरला होता, आणि जाऊबाईंनी "वहिनी, बारीक झालात की, काय करता सांगा ना!" म्हणून दोनदा विचारून झालं होतं. मग धाकट्याने हात पुसले. "चल दादा. वहिनी कर."

"माल संपला," काका म्हणाले.

"ए, भाव नको खाऊस. मिणमिणतेय कर!"

"नाही येत आता."

जाऊबाईंनी आग्रह धरला, धाकट्याने टेबल वाजवलं. काका मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत बसले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी करू?"

"तुम्ही? कोण, दादा?"

काकू उठल्या. दारापाशी गेल्या, कान आणि खांद्याच्या मध्ये हवेतला फोन धरला. "झालंच डॉक्टर, निघालंच डॉक्टर, माणूस तुमच्या दारात पोचला असेल बघा!" आणि दुसऱ्या हाताने बंद डब्याचं झाकण हळूच उघडून आत डोकावल्या. धाकटा खुर्चीवरून घसरला. तो आवाज, ती मान, भुवईवरची धूळ झटकायची लकबसुद्धा. काका तोंड उघडं ठेवून बघत होते. चोवीस वर्षं ही बाई नुसतं ऐकत होती, आणि एवढ्या वर्षांत तिने एक अक्षर सांडू दिलं नव्हतं.

काकूंनी चपला काढल्यासारखं केलं, घरात आल्या, खाली बसलेल्या कुणाकडे तरी बघून म्हणाल्या, "काय गं, कशी आहेस?" आणि उत्तराला श्वासाचीही जागा न ठेवता, "बरं ऐक, आज काय गंमत झाली!"

जाऊबाई टाळ्या वाजवत होत्या. काका हसले, खूप हसले, आणि मधेच त्यांच्या लक्षात आलं की आपले दात एकमेकांवर घट्ट बसलेत. कानाखाली बोट लावलं तर तिथे सुपारी.

काकू खुर्चीत येऊन बसल्या. दमल्या होत्या, पण तोंडावर हात नव्हता.

"कशी आहेस?" काकांनी विचारलं.

धाकट्याला वाटलं, खेळ पुढे चालूय. तो उरलेल्या वाक्याची वाट बघायला लागला. ते आलंच नाही.

काकूंनी काकांकडे जरा वेळ रोखून पाहिलं. खिडकीवर एखादा न ओरडता उभा राहिला की त्या पाहत असतील, तसं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "लांबलचक आहे हं."

"असू दे."

"आधी खिडकीवरचं सांगते. नको, त्याच्याही आधीचं."

आणि त्या सांगू लागल्या. काका ऐकत बसले. ओठ मिटलेले, दात सुटे.