अक्काची दुसरी कॅसेट

कॅसेटींच्या त्या खोक्यांचा मला कंटाळा आला होता, हे आधीच सांगून टाकते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं आठवली की लोकांना बेंगळूरची थंड हवा आठवते, झाडं आठवतात. मला आठवते ती शिवाजीनगरच्या बसथांब्यावर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी असलेली मी, आणि पिशव्यांत अक्काच्या कॅसेटी. मी राहायची जे. पी. नगरला, अक्का के. आर. पुरमला. मध्ये अख्खं शहर, आणि वर माझं ऑफिस.

अक्का माझी मोठी बहीण. आमचं घर इथल्या जुन्या मराठी घरांपैकी. पूर्वज कधी आले हे कुणालाच धड सांगता येत नाही, पण लग्नातली बायकांची गाणी त्यांनी बरोबर आणली असावीत. इथे राहून त्या गाण्यांत कन्नड शब्द इतके शिरले की पुण्याचे पाहुणे ऐकून हसत. ती सगळी गाणी अक्काला येत. लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी तिच्याकडे निरोप यायचा. घाणा भरण्यापासून पाठवणीपर्यंत नवरीशेजारची जागा तिची असे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं की ही गाणी कॅसेटवर घ्यायची. पुढच्या मुलींना येत नाहीत, आपण गेल्यावर राहतील, एवढाच विचार. कॅसेट कंपनीवाल्यांनी सांगितलं, देवाची गाणी असतील तर बघू, घरगुती कोण घेणार? मग तिने निवृत्तीच्या पैशातून स्वतःच काढली. लहानसा स्टुडिओ, एक तबलेवाला, एक पेटीवाला, दोघांनाही तिने त्यांच्या मागणीप्रमाणे दिलं. पहिल्या कॅसेटमध्ये विहिणीच्या पंगतीपर्यंतची गाणी बसली. पाठवणीची गाणी, तिची सगळ्यात लाडकी, तिने दुसऱ्या कॅसेटसाठी राखून ठेवली. पहिली विकली गेली की त्यातून दुसरी, असा साधा हिशेब होता. गळा अजून चांगला होता, पण साठीच्या गळ्याचा भरवसा काय, हे तिला कळत होतं. मला जास्तच कळत होतं.

विकायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्काला विकता येत नव्हतं. एखादी बाई कॅसेट घ्यायला तिच्या घरी आली की अक्का तिला आधी बसवायची. भावोजी आत काफी करायला उठायचे. मग काहीतरी खायला. निघताना हळदीकुंकू, आणि हळदीकुंकू म्हटल्यावर ओटीला नारळ आणि ब्लाउजपीस आलंच. बाई कॅसेटचे पैसे देऊन जायची आणि त्याहून जास्त घेऊन जायची. मी चिडून म्हटलं, हे दुकान आहे, हळदीकुंकवाचा कार्यक्रम नव्हे. अक्काने शांतपणे विचारलं, घरी आलेल्या सवाष्णीला तसंच कसं पाठवायचं? भावोजी तेवढ्यात मलाही काफी आणून देत.

म्हणून मी पिशव्या भरून हिंडायला लागले. हळदीकुंकवाला, मुंजींना, मंडळाच्या गणपतीला एका कोपऱ्यात टेबल मांडून बसायची. सगळ्या कौतुक करत. कौतुकाला तोटा नव्हता. पण पर्स उघडायची वेळ आली की म्हणत, आमच्या आजीचीच गाणी की ही, त्याला पैसे कसले? मी सांगायची, गाणी आजीची असतील, पण श्वास अक्काचा आहे, आणि तबलेवाल्याने तबला आजीसाठी वाजवला नाही. यावर हसून त्या जेवायला जात. एकीने कॅसेट घ्यायची आणि आळीत फिरवायची, ज्याच्याकडे दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर त्याने सगळ्यांना भरून द्यायची, ही आमच्याकडची रीतच होऊन बसली. शिवाजीनगरला एकदा आम्हा दोघींना एक ओळखीची बाई भेटली. चारही मुलींना कॉपी करून दिली, असं अक्काला अभिमानाने सांगत होती. तिच्या मते तो शाबासकीचा विषय होता. अक्कालाही आनंद झाला, हे बघून मी बसकडे तोंड फिरवलं.

आणि शाली. कॅसेट घेणार नाहीत, पण सत्कार करतील. अक्काचं कपाट शालींनी भरलं. बेंगळूरला इतकी थंडी पडत नाही.

सगळ्यात वाईट झालं ते वेगळंच. कॅसेट घरोघरी पोचली तशी अक्काला लग्नात गायला बोलावणं कमी होत गेलं. पत्रिका येई, निरोप येईना. कॅसेट असताना तुम्हाला कशाला त्रास, म्हणत. ज्यांनी विकत घेतली नाही तेही हेच म्हणत.

असंच एका दूरच्या नात्यातलं लग्न होतं, जे. पी. नगरच्या मंगल कार्यालयात. आम्ही दोघी खुर्च्यांच्या रांगेत बसलो होतो आणि स्पीकरवर अक्का गात होती. कॉपीवरून केलेली कॉपी असावी, कारण आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता. हळदीचं गाणं लागलं तशी अक्का नकळत बरोबर गुणगुणायला लागली. पुढच्या रांगेतली एक मुलगी वळून अगदी नम्रपणे म्हणाली, "आजी, स्वल्प हळू. कॅसेट लागलीय." तिचा काही दोष नव्हता. तिला माहीतच नव्हतं. अक्काने गुणगुणणं थांबवलं. मला संताप आला, पण लग्नघरात भांडायला तेव्हा अंगात बळ नव्हतं.

पाठवणीची वेळ आली आणि कॅसेट संपली. पाठवणीची गाणी तिच्यात नव्हतीच. नवरी दाराशी उभी, सगळ्या बायका एकमेकींकडे बघताहेत, कुणाला ओळ येत नाही. मग नवरीची आई रांगांमधून वाट काढत आली आणि तिने अक्काचा हात धरला. अक्का उठली. इतक्या दिवसांनी नवरीशेजारी उभी राहून गायली. तसं गाणं मी तिच्याकडूनही कधी ऐकलं नव्हतं. आणि नवरीचा मामा कुठूनसा टेपरेकॉर्डर घेऊन आला, कोरी कॅसेट घातली आणि तो तिच्या तोंडासमोर धरून उभा राहिला.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "ते बंद करा," मी म्हटलं. "तिची दुसरी कॅसेट यायचीय. तेव्हा विकत घ्या."

मामाने दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. अक्का थांबली नाही.

अक्काला घरी सोडायला निघाले, तेव्हा बसमध्ये मी तिला विचारलं, तू का नाही थांबलीस? आता ही गाणी गावभर होतील, दुसरी कॅसेट कोण घेणार?

"मुलगी निघाली होती ग," अक्का म्हणाली. "तिला काय सांगू, दुसरी कॅसेट आली की मग जा?"

मी म्हटलं तसंच झालं. बरोबर ठरल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. मामाची ती कॅसेट वर्षाच्या आत सगळीकडे पोचली. स्टुडिओवाल्याकडे मी एकदा जाऊन आले, पण पहिलीचीच खोकी अक्काच्या पलंगाखाली होती. भावोजी म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी अक्काच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ती बोलायची, पण जवळ कान नेल्याशिवाय ऐकू यायचं नाही. दुसरी कॅसेट निघाली नाही.

निघाली नाही असं मी म्हणते, पण लोकांच्या हिशेबी ती निघालीच. आजही आमच्यात पाठवणीला मामाचीच कॅसेट लावतात. खुर्च्या सरकवल्याचे आवाज, नवरीच्या आईचे हुंदके, आणि पहिल्या कडव्याच्या शेवटी माझा आवाज, अक्काच्या आवाजाहून मोठा. ते बंद करा. तिची दुसरी कॅसेट यायचीय. तेव्हा विकत घ्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पुढे सवय झाली. ऐकणाऱ्यांनाही झाली. तो गाण्याचाच भाग असावा तशी कुणी मानही वर करत नाही.

दशक संपता संपता एका लग्नात तो मामा भेटला. अक्का माझ्या शेजारी बसली होती. नुकतीच कॅसेट वाजून संपली होती, माझ्या आवाजासकट. मामा खुर्ची ओढून आमच्यापुढे बसला आणि म्हणाला, टेप आता फार घासली, मध्ये मध्ये आवाज जातो. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"तुमच्याकडे चांगली असेल ना, अक्का? ती दुसरी?" त्याने खिशात हात घातला. "विकत घेतो."

अक्का काहीतरी बोलली. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काफी घेतलीत का, विचारतेय," मी म्हटलं.